स्वयंपाकघरातली काच

अळशीच्या तेलात मळलेल्या पुट्टीचा वास आला की मला भिलाईचं आमचं कारखान्याचं क्वार्टर आठवतं. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, उजेडासाठी छतात एक काच होती. माकडांनी ती फोडली तेव्हा बाबांनी वर पत्रा ठोकला. "काच कधी बसवता जी?" आई विचारायची. "बसवून राहिलो ना," म्हणत बाबा ड्यूटीवर निघून जायचे. दिवसा बल्ब जाळणं आईला पटत नसे. भिंत चाचपत ती अंधारातच स्वयंपाक करायची. पुढे आजारपणात ती गेली, आणि वर्षभरात बाबा रिटायर झाले. क्वार्टर परत करताना मोडलेलं सगळं दुरुस्त करून, भिंतींना चुना मारून द्यावं लागे. म्हणून बाबा छतावर चढले, त्यांनी पत्रा काढला, काच बसवली, कडांना पुट्टी दाबली. खाली येऊन बघतात तर सिगडीजवळच्या भिंतीवर ऊन पडलेलं, आणि त्या उन्हात आईच्या हातांचे तेलकट ठसे, एकावर एक. बाबांनी चुना कालवला, कुंचला भिंतीपर्यंत नेला. मग कुंचला माझ्या हातात देत म्हणाले, "चुना मारा लागते. माह्याच्यानं होत नाही, तू मार." मी मारला. चुना ओला होता तोवर ठसे आतून दिसत होते; वाळत गेला तसे दिसेनासे झाले. अजूनही कुठे रंगकाम चालू असलं, की भिंत वाळेपर्यंत मी तिथे थांबत नाही.