हमीदाचाचींची बोटं

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आज येडगावला माझ्या पुतणीला लग्नाचा हिरवा चुडा भरायचा होता. जुन्नरहून हमीदाचाची आल्या. आमच्या घरातल्या प्रत्येक नवरीला त्यांनीच बांगड्या भरल्यात. हात असा चेपायच्या, की बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही.

आज पहिलीच बांगडी फुटली. लग्नघरात 'फुटली' हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही, 'वाढवली' म्हणतात. दुसरी फुटली तेव्हा पुतणीच्या हातातून रक्त आलं. चाचींनी तिचा हात सोडला.

"दिवाळीनंतर चिकनगुनिया झाला व्हता गं. ताप गेला, पण बोटं मिटत न्हाईत. वाटलं, आज जमंल."

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "राहू द्या चाची, आमी भरतो."

आम्ही साबण लावून कशाबशा बांगड्या चढवल्या. चाची भिंतीला टेकून नुसत्या बघत होत्या. निघताना बांगड्यांची पेटी त्यांनी आमच्याकडेच ठेवली. म्हणाल्या, "परत नेऊन काय करू?"

आमच्या भागात धरणाकाठची डबकी पूर्वी दिवाळीनंतर आटायची. आता पाऊस कधीही येतो, पाणी साचून राहतं, डास थंडीतही हटत नाहीत. ताप उतरला की आपण म्हणतो, माणूस बरं झालं.

तुमच्याकडे आहे का कुणी, ताप जाऊनही बरं न झालेलं? त्यांचं काम आता कोण करतं?