प्रेस थांबली तेव्हा

ग्रीसचा वास आला की मला बोईसरची आमची भाड्याची खोली आठवते. खोलीच्या भिंतीला लागूनच एका कारखान्याचा गाळा होता. त्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसच्या दणक्यांनी आमच्या मांडणीवरचे पेले दिवसभर किणकिणत. बायकोला तेव्हा आठवा महिना होता. आदल्या संध्याकाळपासून पोटात हालचाल नव्हती, म्हणून सकाळी उपकेंद्रातल्या नर्सबाई घरी आल्या. त्यांनी पोटावर छोटा भोंगा टेकवला, कान लावला आणि मान हलवली. "मशीनच ऐकू येते, दादा. बाळाचा ठोका कळत नाय. जरा बंद करायला सांगा." मी धावत गाळ्यात गेलो. प्रेसवरच्या कामगाराने ऐकून घेतलं, "दो मिनट" म्हणाला आणि खटका बंद केला. आमच्या गल्लीत भर पाळीत प्रेस थांबायची ती कुणाचा हात तिच्यात सापडला तरच. मी बाहेर पडलो तोवर पिठाच्या हातांनी बायका गाळ्याच्या दाराशी आल्या होत्या. ज्यांचे नवरे आत कामाला होते त्या सगळ्यांत पुढे. मी घडलेलं सांगितलं, तरी कुणी हललं नाही. मी खोलीत परतलो. त्या शांततेत नर्सबाईंनी बराच वेळ कान लावला. "हाय," त्या म्हणाल्या. "चांगला हाय." मी दारातून कामगाराला हात केला. प्रेस सुरू झाली आणि पहिल्या दणक्याबरोबर बायका आपापल्या पोळ्यांकडे परतल्या. मुलगी आता कॉलेजात जाते. ती खोलीही केव्हाच सुटली. तरी कुठलं यंत्र मध्येच थांबलं, की कुणीतरी "सगळं ठीक हाय" म्हणेपर्यंत मी जागचा हलत नाही.