शेजाऱ्यांची सही

जपानमध्ये कोबेतल्या माझ्या कापडदुकानाशेजारी एक जपानी आजोबा राहतात. माझी कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी बाहेर दिसली, की ती परत माझ्या दारात ठेवतात आणि वर वाकून नमस्कार करतात. भांडायलासुद्धा वाव देत नाहीत. तो राग मी अजून सोडलेला नाही.

त्यांच्या बायकोचे, आजींचे, गुडघे थंडी सोसेनात, म्हणून दोघांनी मलेशियात राहायला जायचं ठरवलं. पण निवासाचा अर्ज परत आला. इथल्या रिवाजाप्रमाणे आजोबांनी सहीच्या प्रत्येक जागी नावाचा लाल शिक्का उमटवला होता.

सही शिकायला ते माझ्याकडे आले. चित्र काढावं तसं सावकाश नाव लिहायचे आणि दर वेळी ते वेगळंच यायचं. मी भडकलो.

"अहो, तुमचं घर कुणी अर्ध्या किमतीत मागतंय असं समजा आणि त्या रागात करा सही!"

"कोण मागतंय?"

"मीच!"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि पेन सपकन ओढलं. मग तश्शीच सही पुन्हा पुन्हा केली.

परवानगी आली, तेव्हा भर दुकानात कमरेत वाकून ते मला 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणाले. समोरचं गिऱ्हाईक भाव पाडत होतं. मी त्याला विचारलं, "सेन्सेईंशी घासाघीस करतात का?"