पालकाचा रकाना

परतवाड्याच्या आमच्या वसतिगृहात रुबीनाआपा दर शनिवारी अकोटहून एसटीने यायच्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वाईट वर्षांत ज्यांचे वडील गेले, अशा चाळीस मुली आम्ही तिथे राहायचो. तिथला सगळा कारभार आपांनी फुकटात कॉम्प्युटरवर चढवला होता. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. माऊस नीट धरला नाही की डोक्यात टपली बसायची.

२०११ च्या एका शनिवारी आमची शेजारीण मैनाबाई मला न्यायला आली. आईला अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. तिला त्याआधी मला बघायचं होतं. पण गृहप्रमुख सत्यवतीबाई नियमाच्या पक्क्या. कॉम्प्युटरमध्ये नाव असलेल्या पालकाखेरीज त्या मुलगी कोणाच्या हाती देत नसत, आणि माझ्या नावापुढे पालक एकच होती, आई. रकानाच एक, त्यात दुसरं नाव मावेना.

"सोपं आहे," सत्यवतीबाई आपांना म्हणाल्या. "आईचं नाव पुसा अन् या बाईचं टाका."

मी किंचाळलेच. उद्या जिचं पोट चिरणार, तिचं नाव आज पुसायचं? मी आपांचा हात की-बोर्डवरून ओढला. "नका पुसू! माही माय मरून जाईन!"

आता टपली बसणार म्हणून मी डोळे मिटले. आपांनी नुसती खुर्ची पुढे ओढली. मुलींचा एक तक्ता, पालकांचा दुसरा, आणि दोघांना जोडणारा तिसरा त्यांनी नवीन केला. त्यात कोणती मुलगी, कोणता माणूस आणि नातं काय, एवढंच. आता एका मुलीला हवी तेवढी माणसं जोडता येणार होती, अन् एका माणसाला हव्या तेवढ्या मुली. यात दीड तास गेला. अकोल्याची एसटी सुटली. मैनाबाईचा जीव दारात नुसता खालीवर होत होता.

"नातं काय लिहू, मावशी?" आपांनी तिला विचारलं.

"शेजारीन आहो मी," मैनाबाई म्हणाली. "बारा वर्सांपासून."

आपांनी तेच लिहिलं. जीपने अकोट, तिथून मिळेल त्या गाडीने अकोला. सकाळी ऑपरेशनला नेईपर्यंत मी आईचा हात धरून बसले होते. आई आज ठणठणीत आहे आणि रोज माझ्यावर ओरडते.

पुढे आपांनीच मला हे काम शिकवलं, आज त्यावरच माझं पोट चालतं. त्यांचे उपकार तोंडावर बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

शिकता शिकता एक दिवस माझ्या ध्यानात आलं. आईचं नाव पुसून, मैनाबाईचं टाकून, आम्ही निघाल्यावर आईचं पुन्हा भरायला एक मिनिट लागलं असतं! एसटीसुद्धा मिळाली असती. मी चिडूनच विचारलं, "आपा, काहून नाही केलं तसं?"

"मले मालूम होतं," आपा म्हणाल्या. "पण एका पोरीले एकच मानूस, हे ठरवलं कोनं होतं? मीच ना? चूक माही होती. मंग ती पुसायची, का तुही माय?"