बेंबीवरची पणती

आमच्या घरात आजारी पडण्याचा मक्ता माझ्याकडे होता. डोळा फडफडला, छातीत गॅस धरला, पोटरीत गोळा आला की मी सायकल काढून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांपुढे हजर. अपेंडिक्स तर मला दर उन्हाळ्यात व्हायचं. डॉक्टर विचारत, "बेंबीपाशी सुरू होऊन दुखणं उजवीकडे खाली सरकलं का? जेवण जातंय का? टाचा उचलून आपटा बघू, कळ येते?" मी आपटायचो. कळ यायची नाही, भूक मात्र लागायची. "वात आहे. घरी जा, ओवा खा."

ऐंशी सालच्या आसपास सटाण्याहून माझा मेहुणा कांदे घेऊन आला आणि आमच्याकडे राहिला. हा गडी कधी शिंकल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. सकाळी बायकोने भाकरी-ठेचा पुढे ठेवला, तर त्याने ताट सरकवलं.

"काही नही शे दाजी. पोट जरासं दुखस."

आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या आत्याने लगेच निदान केलं. "बेंबी सरकलीय. ओझी उचलतो ना! झोप उताणा." बेंबीवर कणकेची पणती पेटवायची, वर पेला पालथा घालायचा, मग पोट चोळून बेंबी जागेवर आणायची, हा तिचा हातखंडा उपाय. पणती पेटलीसुद्धा.

मी डॉक्टरांचे प्रश्न घडाघडा विचारले. दुखणं बेंबीपासून उजवीकडे उतरलं होतं. अंग तापलं होतं. आणि त्याने ताट सरकवलं होतं! या परीक्षेत मी इतक्या वेळा नापास झालो होतो की पास होणारा मला लांबूनही ओळखता आला असता.

"तुम्हाला सगळीकडे अपेंडिक्सच दिसतं," बायको म्हणाली.

आत्या पेला पालथा घालणार, तेवढ्यात मी फुंकर मारून पणती विझवली.

"मेल्या, पेटता दिवा तोंडाने विझवतोस?" आत्या कडाडली.

मी टांगा आणला. बायको भावाला धरून बसली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो उजवी कूस घट्ट दाबून धरू लागला, तशी तीच टांगेवाल्याला म्हणाली, "दादा, जरा हळू घ्या, पण लवकर चला."

मला पाहून डॉक्टर हसले. "आज काय, कान वाजतोय?"

"आज मी नाही. हे."

त्यांचं हसू गेलं. पोटाला हात लावताच त्यांनी सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. संध्याकाळी ऑपरेशन झालं. बाहेर येऊन सर्जन म्हणाले, "फुटायच्या बेतात होतं. पोट चोळलं नाहीत, बरं केलंत."

शुद्धीवर आल्यावर मेहुण्याने पहिल्यांदा भाकरीची चौकशी केली. बायको रडत हसली.

आत्या दुसऱ्या दिवशी भेटायला आली. त्याच्या उशाशी बसून तिने त्याचं पांघरूण सारखं केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "विझवलीस ते बरंच झालं. पण पुढच्या वेळी फुलाने विझव."