बैठकीतले सरडे

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बोलायचं तरी कुणाशी? जिच्याशी बोलायला हवं — माझ्या बायकोशी, सुमनशी — तिला सगळं ठाऊकच आहे.

सत्तरच्या दशकात, लग्नानंतर काही वर्षांनी, आम्ही केरळात गेलो होतो. सुमनला फोटोंचा नाद. जंगलात ती पदर खोचून चिखलात पालथी पडायची — कशासाठी, तर सरड्यासाठी. एक उडणारा सरडा होता, गळ्याखालची पिवळी पिशवी फुगवलेला. आणि मी? मी मागे उभा राहून जळवा झटकत कुरकुरत होतो.

नाशिकला आल्यावर तिने फोटो मोठे करून घेतले, द्वारका चौकाजवळच्या दुकानातून फ्रेम करून आणले आणि बैठकीत सोफ्याच्या वर लावले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, घरात पाली काय कमी आहेत?" मीही हसलो. लाज वाटायची मला त्या भिंतीची.

मग एकदा आमचे साहेब घरी आले. चहा तसाच ठेवून फोटोंसमोर उभे राहिले.

"कुणी काढले हो?"

"मी," म्हणालो. का म्हणालो? त्यांनी माझ्याकडे तसं कौतुकाने कधी पाहिलं नव्हतं — पण हे कारण झालं, आणि कारणं सांगायला मी बसलेलो नाही.

सुमन पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, यांना फार नाद आहे."

साहेबांच्या ओळखीने फोटो गावातल्या एका प्रदर्शनात लागले. खाली माझं नाव. कुणीतरी विचारलं, "सरड्याने इतकं जवळ कसं येऊ दिलं?" मागून सुमन हळूच म्हणाली, "त्याच्यावर आपली सावली पडू द्यायची नाही." मी तेच मोठ्याने सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या.

त्यानंतर तिने एकही फोटो काढला नाही. घराला रंग दिला तेव्हा फ्रेमा उतरवल्या, त्या परत लावल्याच नाहीत. "भिंतीला ओल आहे," म्हणाली. ओल नव्हती — पण मी कुठे विचारलं?

पुढे आमची मुलगी मोठ्या शाळेत गेली. सहलीसाठी तिने मैत्रिणीचा कॅमेरा आणला.

"आई, तुला येतो का गं हा?"

"नाही गं. बाबांना विचार."

मी समोरच बसलो होतो. मुलगी माझ्याकडे आली. रोल कुठून भरायचा तेही मला माहीत नव्हतं. मी कॅमेरा हातात घेतला आणि तिला शिकवायला लागलो.