ताईची निळी बॅग

माणूस गेलं की घरात किस्से साचत जातात. बसायला येणारा प्रत्येक जण एखादा ठेवून जातो, आणि सगळे किस्से रडायचे! माझ्या बहिणीला, प्रज्ञाताईला जाऊन दोन महिने झाले. मीही सांगतो. पण हसायचे. कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

मी नववीत शाळा सोडली आणि वरूडला संत्र्याच्या पॅकिंगला लागलो. ताईही सुट्टीत तिथेच संत्री निवडायला बसायची. पुढे स्कॉलरशिप मिळवून ती एडिनबराला शिकायला गेली. परीक्षा संपल्यावर तिला एक मोकळा दिवस मिळाला. "आज शहर पाहणार, खरेदी करणार. तुमी बी चला!" म्हणाली.

दुपारच्या चहाला तिचा व्हिडिओ कॉल आला, मी मोबाइल पेटीला टेकवला. अख्खं शेड गोळा झालं. अकोल्याहून काका आणि त्यांची पोरगी निकिता आली होती, तीही बसली.

*

आधी किल्ला. ताईने मोबाइल फिरवून तोफा, बुरूज सगळं दाखवलं. आमची मुकादम यमुनाबाई चहा पीत म्हणाली, "एवढाच? आपला गाविलगड पाह्य, फिरता फिरता पाय मोडते!"

"मावशी, याले पाहाले दुनिया येते."

"मंग आपल्याले कावून कोणी येत नाही?"

"तुमी कधी गेल्या?"

यमुनाबाईने चहा संपवला आणि गुपचूप संत्री निवडायला लागली.

*

मग ताई एका मोठ्या दुकानात शिरली. तिथे संत्र्यांचा ढीग होता, मोठी-बारीक सगळी एकत्र. ताई बोलत होती आमच्याशी, पण हात थांबेनात. मोठी इकडे, मधली तिकडे, डागी बाजूला. पाच मिनिटांत तिने अर्धा ढीग निवडून टाकला!

दुकानातला पोरगा धावत आला. तिने इंग्रजीत काहीतरी सांगितलं. तो हसला आणि निघून गेला.

"काय म्हणे?" मी विचारलं.

"म्हणे, इथं कामाले लागता का? मी म्हटलं, आमच्या मुकादमले विचारा!"

"नाही म्हणून सांग त्याले!" यमुनाबाई ओरडली. "आमच्याकडंच माणसं कमी हायेत!"

*

शेवटी बॅगांचं दुकान. जुन्या बॅगेचं चाक जातानाच तुटलं होतं. ताईला एक निळी बॅग आवडली. दुकानदार तिची चेन दाखवत होता, कुलूप दाखवत होता.

काका पूर्वी आमच्याच शेडमध्ये लाकडी पेट्या ठोकायचे. पेटी ठोकली की तिच्यावर उभं राहून पाहायचं, मगच भरायची, हा त्यांचा नियम. त्यांनी पेटीला टेकवलेला मोबाइल ओढला.

"त्याचं काय आयकतं वं? उभी राहून पाह्य!"

आणि ताई बूट काढून खरंच बॅगेवर उभी राहिली! भर दुकानात, दोन्ही हात पसरून. दुकानदाराने डोक्याला हात लावला. बॅग हलली नाही. काका टाळ्या वाजवत ओरडले, "टिकते! घेऊन टाक!"

*

त्यानंतर तीन आठवड्यांनी ताईचं डोकं दुखलं, आणि ती गेली. डोक्यातली नस फुटली. डॉक्टर म्हणाले, वरूडला असती तरी फुटलीच असती. हे मी सगळ्यांना सांगतो. कुणाला ऐकायचं नसतं.

एक पाहुणे म्हणाले, "पोरीले एवढ्या दूर धाडाचीच कावून?"

मी त्यांच्या हातातला चहा काढून घेतला. "कोणी धाडलं नाही. थे गेली! आता तुमी बी जा!"

आई मला रागावली. पण त्यांना दुसरा चहा तिनेही दिला नाही.

*

मागच्या आठवड्यात कळलं, निकिताला तिकडच्याच कॉलेजात प्रवेश मिळालाय आणि काका नाही म्हणतात. ताईच्या सामानासोबत ती निळी बॅग घरी आली होती. मी ती उचलली, एसटीत टाकली आणि थेट अकोल्याला, जठारपेठेत काकांच्या घरी गेलो.

"ताईची हाय. निकितासाठी आणली," मी म्हटलं.

काका बॅगेकडे बघेनात. "घेऊन जा थे. एक गेली तेवढी पुरे."

मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात निकिता आतून आली. तिने बॅग आडवी केली. चपला काढल्या. आणि बापासमोर बॅगेवर उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

बॅग हलली नाही. काका पाहत राहिले.

मग म्हणाले, "उतर आता. भराची हाय ना?"